तीन ठोके म्हणजे थांब

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने इथूनच परत फिरावं, माझा राग नाही. पण ज्याच्या बाबतीत ती घडली तो माझा सख्खा मामा आहे, आणि त्याला पत्त्यांच्या डावातसुद्धा खोटं बोलता येत नाही. हातात चांगलं पान आलं की त्याचे कान लाल होतात. अशा माणसाने एवढी मोठी थाप रचली असेल, हे मानायला मी तरी तयार नाही.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. पडकं घर नव्हतं की विहीर नव्हती.

भर दुपार होती. ऊन असं की लोखंडाला हात लावला तर चटका बसावा. दगडखाणीचा सुट्टीचा दिवस, खडी फोडायचं मशीन बंद, आणि सगळ्या खाणीत माणसं फक्त तीन.

निदान तीनच होती, असं आम्ही धरून चाललोय...

मला दोन मामा. थोरल्याला सगळं घर दादा म्हणतं, म्हणून मीही दादाच म्हणतो. धाकट्याला मी नुसतं मामा म्हणतो; दादा त्याला 'बारक्या' म्हणायचा. मामाचे केस पांढरे व्हायला लागले, तरी दादासाठी तो बारक्याच राहिला.

दोघांचा धंदा एकच. पोकलेनचे पिन-बुश बदलायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोकलेनचा तो लांब हात असतो ना, तो आपल्या हातासारखाच. दंडाला बूम म्हणतात, कोपराच्या पुढच्या भागाला आर्म, आणि पंजा म्हणजे बकेट. प्रत्येक सांध्यात मनगटापेक्षा जाड पिन असते आणि पिनेभोवती बुश, म्हणजे पोलादी कडं. वर्षानुवर्षं माती उपसून ही कडी झिजतात, सांधे खुळखुळतात, आणि मशीन म्हाताऱ्यासारखी लटपटायला लागते. मग जुनं कडं काढायचं, नवं बसवायचं, बूमचं भोक आणि आर्मचं भोक एका रेषेत आणायचं आणि पिन ठोकायची. सांगायला सोपं आहे.

एका रेषेत आणणं हेच खरं काम. दादा सांध्यापाशी उभा राहायचा. मामा केबिनमध्ये बसून बूम केसभर वर, केसभर खाली करायचा. केबिन डावीकडे, दादा बूमच्या उजवीकडे, मधे ते लोखंडाचं धूड. एकमेकांना दिसायचे नाहीत. इंजिनाच्या आवाजात हाकही नीट पोचायची नाही.

म्हणून ठोके.

दादा हातोडीने बूमवर ठोकायचा. एक ठोका म्हणजे वर. दोन म्हणजे खाली.

तीन म्हणजे थांब, माझा हात आत आहे.

कारण भोकं जुळली की नाही हे दादा हात घालून बघायचा. बाकीचे फिटर सळई घालतात, बॅटरी मारून बघतात. दादाला तो पोरखेळ वाटायचा. तो चार बोटं आत सरकवायचा आणि दोन कड्यांच्या मधे पायरी लागते का ते चाचपायचा. तेवढ्यात बूम जराशी जरी हलली तर... कात्रीच ती.

त्यासाठी दादाने मामाला एक नियम घालून दिला होता. ठोक्याचं ऐकायचं, तोंडाचं नाही. कुणी हाका मारो, कुणी ओरडो. "मी स्वतः बोंबललो तरी हलायचं नाही," दादा सांगायचा. "इंजिन चालू असताना तोंड म्हणजे नुसता गोंगाट. ठोका पडला तरच हात हलवायचा."

मामा तो नियम डोळ्यांत तेल घालून पाळायचा. खरं तर आयुष्यात त्याने दुसरं काही केलंच नाही. दादाचं ऐकलं.

दादाचा हात सोन्यासारखा, पण तोंडाला लगाम नाही. चार माणसं जमली की मामाची टर उडवल्याशिवाय त्याला चहा गोड लागायचा नाही. "हा माझा रिमोटवरचा माणूस," मामाच्या पाठीवर थाप मारून तो सांगायचा. "एक ठोकलं की वर, दोन ठोकले की खाली. दाखवू?" आणि चहाच्या ग्लासावर चमच्याने टक् करून वाजवायचा. मामा सवयीने बाकावरून उठायचा. अर्धा उठल्यावर त्याच्या लक्षात यायचं. लोक पोट धरून हसायचे.

मामाही हसायचा. माझी आई, म्हणजे या दोघांची मधली बहीण, तिथे असली तर उठून आत जायची.

ती मशीन खाणीच्या अगदी टोकाला उभी होती. रंग उडालेला, काचेला तडा, साखळीत गवत वाढलेलं. नव्या मालकाने खाण विकत घेतली तेव्हा ती खाणीबरोबरच आली. मालकाला ती चालू करून हवी होती.

जवळ गेल्यावर दादाच्या लक्षात आलं की हे काम आधी कुणीतरी काढलं होतं. कोपराच्या सांध्याची पिन थोडी बाहेर आलेली होती आणि तशीच सोडून दिलेली. एक पाना बूमवरच राहिला होता. गंजून तिथेच चिकटला होता.

"हत्यारं टाकून कोण पळालं रे?" दादाने वॉचमनला विचारलं. वॉचमन खाणीतच खोली करून राहणारा, वयस्कर, अबोल माणूस.

"दोघं आले होते. गेले."

"का गेले?"

"ती आवाज देते म्हणाले."

"ती कोण?"

वॉचमनने हनुवटीने मशीन दाखवली.

दादा खो खो हसला. "म्हातारी झाली की बोलणारच. माझी सासूपण दिवसभर बोलते. तिला काय खाणीत सोडून येऊ?"

वॉचमनने पाठ फिरवली. छपरीत जाऊन बसला.

पिन काही केल्या निघेना. आधी आर्म खाली लाकडाच्या ठोकळ्यांवर टेकवून, साखळीने बांधून घेतला. मग तेल सोडलं, घण मारले, शेवटी गॅस लावून सांधा तापवला. दुपार व्हायला आली तेव्हा कुठे ती किंचाळत बाहेर आली. दोघं घामाने निथळत होते. दादा हातपाय धुवायला टाकीकडे गेला. मामा केबिनच्या सावलीत येऊन बसला. इंजिन बंद होतं. तो बाटली तोंडाला लावणार, एवढ्यात...

टक्.

एक ठोका.

मामाचा हात आपोआप लिव्हरवर गेला. मग त्याला आठवलं की इंजिन बंद आहे. त्याने मान बाहेर काढून पाहिलं. दादा लांब टाकीपाशी तोंडावर पाणी मारत होता. हातोडी त्याच्या पायाशी पडली होती.

मामाने त्याला सांगितलं. दादाने कपाळावर हात मारला. "तापलेलं लोखंड निवताना वाजतं रे बाबा. एवढी वर्षं केलंस काय?"

हे खरं आहे. वाजतं. मामाला पटलं. निदान पटवून घ्यावं लागलं.

पण दादाच्या ठोक्याची एक लकब आहे. तो हातोडी मारून लगेच उचलत नाही. क्षणभर टेकवून ठेवतो. त्यामुळे लोखंडाचा नाद दबतो. तो ठोका मामाला कानापेक्षा तळपायात जास्त कळायचा, आणि हजार ठोक्यांत ओळखू यायचा.

मघाचा ठोका तसाच होता. टेकवलेला.

जुनं बुश बाहेर काढलं तर ते आतून अंडाकृती झिजलेलं. खोबणीतलं ग्रीस वाळून कोळशासारखं झालं होतं. दादा स्क्रू-ड्रायव्हरने ते खरवडत बसला. खरवडता खरवडता थांबला.

ग्रीसमध्ये काहीतरी अडकलं होतं...

नख.

माणसाचं. तुकडा नाही. अख्खं, मुळापासून निघालेलं.

दादाने ते उन्हात धरून पाहिलं. मग स्वतःच्या मधल्या बोटाच्या नखाशेजारी धरलं.

"माझ्याएवढंच आहे," तो म्हणाला. "कामाचा माणूस असणार." आणि टिचकी मारून ते जळक्या ऑइलच्या डब्यात उडवलं.

"दादा, हे काम नको."

"का?"

"नको म्हणतोय ना. जाऊ इथून."

दादाने छपरीकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं, "ऐकलं का? माझा रिमोट घाबरलाय! सेल बदलायला हवेत!"

वॉचमन हसला नाही. मामा मात्र हसला. सवय.

नवी बुशं त्यांनी बर्फात घालून आणली होती. हीसुद्धा एक रीत आहे. थंडीने लोखंड जरासं आकसतं, मग कडं भोकात अलगद सरकतं आणि निवांत फुगून घट्ट बसतं. लाकडी खोक्यात मीठ घातलेला बर्फ, त्यात बुशं. दादाने हातमोजे घालून एकेक बाहेर काढलं. वरून पांढरं दव साचलेलं, धूर निघत असलेला. एका दमात आत गेलं. दादा खूश झाला. मोजा काढून त्याने नेहमीसारखा हात आत घातला.

आणि झटक्यात बाहेर काढला.

"अरे... हे आतून गरम कसं?"

मामाने कड्याच्या बाहेरच्या कडेला बोट लावलं. बर्फ. बोट चिकटत होतं. मग घाबरत घाबरत आतल्या बाजूला लावलं...

ऊब होती. उन्हाने तापलेल्या लोखंडाची नाही. कुणीतरी आत्ताच आपला हात काढून घेतल्यासारखी.

"ऊन लागलं असेल," दादा म्हणाला. कडं सांध्याच्या पोटात होतं. तिथे ऊन कुठून लागणार? मामा तरी केबिनकडे वळला.

इंजिन चालू केलं. दादा पलीकडे ड्रमवर चढून उभा राहिला. मामा केबिनमध्ये. पहिला ठोका पडला. टक्. वर.

मामा थांबला. हा दादाचाच का? खात्री करायला तो दारातून वाकून बघायला लागला, पण बूमपलीकडचं काय दिसणार?

दादा ड्रमवरून उतरून फिरून आला. आला तो सरळ मामाच्या डोक्यात टप्पल मारायलाच.

"झोपलास? ठोका ऐकू आला नाही?"

"आला. पण म्हटलं तूच..."

"मी नाही तर काय आपली आई ठोकणार? एक पडला की उचलायचं. मधे विचार आणायचा नाही. तुला डोकं वापरायला कुणी सांगितलंय? त्यासाठी मी आहे!"

छपरीत वॉचमन मान खाली घालून बसला होता. मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मनाशी ठरवलं की आता चूक करायची नाही. ठोका पडला की हलायचं. विचार करायचा नाही.

आता पुढचं मी मामाकडून इतक्या वेळा ऐकलंय की मला ते दिसतं.

टक्. वर. टक् टक्. खाली, केसभर. टक् टक्. अजून जरासं.

मग... टक्. टक्. टक्.

थांब. हात आत आहे.

मामाने लिव्हर सोडले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. तीन पडले की तो नेहमी असाच बसायचा, शाळेतल्या पोरासारखा, चुकूनही काही हलू नये म्हणून. इंजिन घरघरत होतं. काचेच्या तड्यातून ऊन आत येत होतं.

टक्.

एक. वर.

इतक्या लवकर? दादा नेहमी चांगलं चाचपून बघतो. मामाचा हात लिव्हरपाशी जाऊन थबकला.

टक्.

पुन्हा. जरा जोरात. दादा चिडला की देतो तसाच. टेकवलेला.

मामाने लिव्हर ओढला. केसभर.

आणि दादा किंचाळला.

तसा आवाज मामाने माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "खाली! खाली घे! बारक्या, खाली घे!" मामाचा हात लिव्हरवर गेला, आणि त्याच क्षणी...

टक्. टक्. टक्.

थांब.

मामा थांबला.

"खाली घे रे! हात! माझा हात!"

टक्. टक्. टक्.

ठोक्याचं ऐकायचं, तोंडाचं नाही. मी बोंबललो तरी नाही. मामाने हात मांडीवर ठेवले. त्याचे डोळे वाहत होते, पण हात मांडीवर होते. दादा ओरडत होता आणि मामा दादाचंच ऐकत होता.

वॉचमन धावत आला. काचेवर बुक्क्या मारायला लागला. "हात अडकलाय त्याचा! सोड ना!" मामाने मानेनेच नाही म्हटलं. तळपायात ठोके येतच होते. तीन. तीन. पुन्हा तीन.

शेवटी वॉचमनने दार उघडून त्याला कॉलर धरून खाली ओढला, आणि बूमच्या पलीकडे नेऊन उभा केला.

दादा सांध्याला लटकला होता. पायाखालचा ड्रम कलंडला होता. उजव्या हाताची चार बोटं मुळापर्यंत भोकात. डाव्या हाताने त्याने उजवं मनगट घट्ट धरलं होतं. हातोडी खाली वाळूत पडली होती. दोन्ही हात मामाला समोर दिसत होते.

टक्. टक्. टक्.

भोकाच्या आतून.

मामाने जन्मात पहिल्यांदा तीन ठोके मोडले. पळत केबिनमध्ये गेला आणि बूम खाली घेतली. दादाचा हात सुटला. अंगठा होता. बाकीची चार नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिली गोष्ट विचारली, "बोटं कुठे आहेत? बर्फात घालून लगेच आणा. जोडता येतील, पण उशीर नको." दादाने ते ऐकलं. वेदनेने तोंड वेडंवाकडं झालेलं, तरी त्याने मामाकडे बघितलं. "जा," तो म्हणाला. बस, एवढंच.

मामा वॉचमनच्या मोटारसायकलवर मागे बसून खाणीत परत आला. बर्फाचं तर खोकंच तिथे होतं. त्याने डब्यात बर्फ भरला. वॉचमन खालची वाळू चाळायला लागला. मामा सांध्यापाशी गेला.

भोकात रक्ताचा थेंब नव्हता. कडं आतून लखलखत होतं, आत्ताच पॉलिश केल्यासारखं. बोटंही दिसत नव्हती. कदाचित पलीकडच्या फटीत सरकली असतील, असं मामाला वाटलं. इंजिन बंद होतं. दादाची बोटं होती ती. त्याने डोळे मिटले आणि हात आत घातला.

पुन्हा तीच ऊब...

त्याने बोटं आणखी आत सरकवली. चाचपलं. काही नाही. आणखी थोडी.

मग त्याच्या मधल्या बोटाच्या नखावर काहीतरी आपटलं.

हळूच. बोटाच्या टोकाएवढं. आपटलं आणि क्षणभर तिथेच टेकून राहिलं.

एकदा. दोनदा. तीनदा.

वॉचमनला वाळूत काही सापडलं नाही. त्याने वर पाहिलं तर मामा हात भोकात घालून उभा. त्याने हाका मारल्या. मामा बोलेना, हलेना. डोळे उघडे, पाण्याने भरलेले. वॉचमनने कमरेला मिठी मारून ओढलं तरी निघेना. शेवटी तो वाटेवरून दोन माणसं बोलावून घेऊन आला. तिघांनी मिळून त्याला सोडवला तेव्हा डब्यातल्या बर्फाचं पाणी होऊन ते कोमट झालं होतं.

मामाच्या हाताला ओरखडासुद्धा नव्हता.

बोटं आजपर्यंत सापडली नाहीत. पुढे दुसऱ्याच कुणीतरी पिन ठोकून ती मशीन चालू केली. अजून कुठेतरी चालते म्हणे. सगळे सांधे पुन्हा खुळखुळले, पण तो एक नाही.

सगळं खापर मामाच्या डोक्यावर फुटलं, आणि फोडणारा दादाच होता. आधी मुद्दाम बूम उचलली. मग मी ओरडतोय तरी मांडीवर हात ठेवून मजा बघत बसला. मग बोटं आणायला गेला आणि बर्फ वितळेपर्यंत नुसता उभा राहिला. वॉचमनला कुणी विचारलं तर तोही काय सांगणार? त्याने जे पाहिलं ते हेच होतं.

मामा दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी उभा राहून एवढंच म्हणाला, "दादा, ठोके पडले होते."

"मी ठोकले?"

"नाही."

"मग?"

दादा भिंतीकडे तोंड करून झोपला. "इतकी वर्षं मनात ठेवलंस," तो भिंतीला म्हणाला. "हसत होतास आणि मनात ठेवत होतास."

मामाने धंदा सोडला. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, आईने त्याला आमच्याकडे आणलं. त्याला बाकी काही नको होतं. दादाने शिव्या द्याव्यात, मारावं, पण एकदा म्हणावं की बारक्या, तू मुद्दाम केलं नाहीस. एवढ्या एका वाक्यासाठी तो झुरत होता. जेवताना मधेच थांबून आईला विचारायचा, "ताई, दादाचा काही निरोप?"

आईने दादाच्या घरी खेटे घातले. रडली, भांडली, अबोला धरला. शेवटी एका दुपारी दादा आला.

आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसला. उजवा हात खिशातून काढून मुद्दाम टेबलावर ठेवला. अंगठा आणि पुढे नुसतं गुळगुळीत मांस. मामा समोरच्या खुर्चीत बसला होता. त्याची त्या हाताकडे बघायची हिंमत होईना. मी आणि आई उभे होतो. चहा निवत होता.

"कसा आहेस दादा?" मामाने विचारलं.

दादाने कप जवळ ओढला. डाव्या हाताने चमचा उचलला आणि कपावर वाजवला.

टक्.

मामा उठला.

टक् टक्.

मामा बसला. त्याचे कान लाल झाले होते.

"चालतो की अजून," दादा माझ्याकडे बघून हसला. "सेल चांगले आहेत."

"दादा, लाज वाटू दे जरा!" आई ओरडली.

"मला? माझी चार बोटं खाल्ली याने, आणि लाज मला?" त्याने पुन्हा चमचा वाजवला. टक्. मामा खुर्चीतून अर्धा उठला. दादा हसत होता. त्याने चमचा खाली ठेवला, डावा हात वर केला, आणि...

टक्.

टक्.

टक्.

आवाज टेबलातून आला. कप थरथरले. माझ्या तळपायात मला तो स्पष्ट जाणवला. प्रत्येक ठोका पडायचा आणि क्षणभर टेकून राहायचा.

दादाचा डावा हात हवेत होता. उजवा टेबलावर. आणि ठोके पडले होते उजव्या पंजाच्या समोर. जिथे बोटांची टोकं आली असती, बरोब्बर तिथे.

दादाचं हसू तोंडावरच गोठलं. रंग उतरला. तो टेबलाच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. स्वतःचा ठोका माणसाला ओळखू येतोच ना.

मामा तसाच अर्धवट उठलेला. गुडघे वाकलेले, दोन्ही हात मांडीवर. हलत नव्हता. फक्त डोळे दादाकडे होते, लहान मुलासारखे वाट बघत.

"ऐकलंस ना दादा?" आईचा आवाज फुटला. "तुझ्या कानांनी ऐकलंस. आता तरी सांग त्याला. एकदा सांग!"

दादाने मामाकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. ओठ हलले होते त्याचे.

मग त्याने तो हात घाईघाईने खिशात कोंबला, चपला घातल्या आणि निघून गेला.

आजही तो लोकांना तेच सांगतो. धाकट्या भावाने मुद्दाम माझा हात घेतला. त्याला खरं काय ते माहीत आहे आणि तरी सांगतो. भुताची भीती मला नंतर वाटली. आधी मला याची किळस आली.

मामा तसाच होता. आई म्हणाली, चल बस. हलला नाही. आम्ही खांद्याला धरून बसवायला गेलो, गुडघे आणखी वाकेनात. आईने चमचा घेऊन कपावर एक ठोका दिला. मी टेबलावर दिला. काही उपयोग नाही. आमचे ठोके त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. पाय लटलट कापायला लागले, ओठ पांढरे पडले, पण तो तसाच. आई स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून रडत होती आणि मी तिच्यापाशी उभा होतो. ऊन भिंतीवरून उतरून गेलं. आणि बाहेरच्या खोलीतून...

टक्.

एकच.

आम्ही धावलो. खोलीत मामाशिवाय कुणी नव्हतं. तो सरळ उभा राहिला होता आणि दाराकडे बघत होता.

"दादा गेला?" त्याने विचारलं.

"गेला," आई म्हणाली.

"काही म्हणाला?"

आईने नाही म्हणून मान हलवली. मामाने टेबलावरचे कप गोळा केले आणि धुवायला घेऊन गेला.

तो शेवटचा ठोका कुणी दिला ते मला माहीत नाही. टेबल काढून टाकू म्हटलं तर मामा हात जोडतो. रोज दुपारी तिथेच जाऊन बसतो, हात मांडीवर ठेवून. ते टेबल जुनं आहे, चांगल्या लाकडाचं, त्यावर साधा ओरखडा नव्हता. आता दादा बसला होता त्या बाजूला शेजारी शेजारी चार छोटे खळगे पडलेत. मी दर काही दिवसांनी बोट घालून बघतो.

लाकूड झिजतंय.